भाड्याच्या तांड्यात दोन रात्री

दारव्हा
मंगळवार, दुपारची जेवणं आटोपून

आदरणीय नुजहतआपा,

सलाम. तारिकभाईंनाही सांगा. इकडे आम्ही सगळे बरे आहोत, म्हणजे सोनूच्या बाबांची कंबर, याडीचे (सासूला मी अजून याडीच म्हणते) गुडघे आणि माझं मन सोडलं तर बाकी सगळं बरं आहे. तुमची शुगर कशी आहे? (मागच्या पत्रात "ठीक" लिहिलं होतं, पण ठीकच्या पुढे तीन टिंबं होती, म्हणून विचारते.) तुमच्या अम्मींना, कमरुन्निसा खालांना, माझा सलाम आणि आमच्या याडीचा रामराम. याडीने तो दोनदा सांगायला सांगितला आहे, म्हणून दोनदा सांगा.

तुमचं पत्र शुक्रवारी मिळालं आणि उत्तराला चार दिवस लागले. आळस नव्हता. तीन उत्तरं लिहिली आणि फाडली. पहिल्यात "जरूर उतरा" लिहिलं होतं, दुसऱ्यात "चुकूनही उतरू नका". तिसरं इतकं समतोल झालं की ते वाचून माझा मलाच राग आला. तुमचा प्रश्न साधा आहे, पण त्याच्या मागे खाला बसलेल्या आहेत. तुम्ही लिहिलंत, "अम्मी चार साल बाद घर से निकलने को हाँ बोली है. पहिलाच फेरा फसला तर ती पुन्हा उंबरठ्याबाहेर पाय ठेवायची नाही. इसलिए सच सच लिख, हॉस्टेल जैसा डायरी में देख के लिख. पार्कच्या आतल्या महागड्या हॉटेलात उतरू, की गेटसमोरच्या लॉजवर?" खालू गेल्यापासून खालांनी शिलाईची मशीनसुद्धा झाकून ठेवली आहे, हे मला ठाऊक आहे. नातीच्या मोबाइलवर तो मोठा आकाशपाळणा पाहून त्या "ये तो देखना पडेगा" म्हणाल्या, ही केवढी मोठी गोष्ट आहे तेही कळतं. तेव्हा डायरी समोर उघडून बसले आहे. (पार्कचं नाव मात्र लिहीत नाही. तुम्हाला माहीत आहेच, आणि माझं मत चुकीचं निघालं तर उगाच कोणाच्या पोटावर पाय नको.)

आम्ही गेलो ते सोनूमुळे. लेकाला पुण्यात नोकरी लागली आणि आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, हे दोन्ही एकाच महिन्यात आलं. त्याने आम्हाला न विचारता दोन रात्रींचं बुकिंग करून टाकलं. किती पडले ते सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. (विचारायला हवं होतं का, हा प्रश्न डायरीत चार दिवस चालला.) याडीला घरी एकटं कसं ठेवायचं, म्हणून तीही सोबत. तुम्ही तिला शेवटचं पाहिलंत तेव्हा होती तशीच आहे. त्र्याहत्तर वर्षांची, अजून फेटिया-काचळीत, आरशांचं भरतकाम केलेला तोच लाल घागरा आणि तीच चोळी, हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. मी लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी साडीवर आले, ती नाही आली. ती म्हणते, "मी काहून बदलू? मले तर कोणी नोकरी देऊन नाही राह्यलं."

प्रवासाबद्दल फार लिहीत नाही. एवढंच की चोवीस वर्षं एसटी चालवलेल्या माणसाला भाड्याच्या गाडीत मागच्या सीटवर बसवू नये. सोनूचे बाबा (खेमसिंग, ज्यांना तुम्ही अजून "ड्रायवर साहब" म्हणता) सात तास रिकाम्या पायाने ब्रेक दाबत होते. कंबर तिथेच गेली, पाळण्यात नव्हे. तुमच्या गाडीत तारिकभाई स्वतः चालवतील, तेव्हा हा मुद्दा तुम्हाला लागू नाही.

आता हॉटेल. ते एक हॉटेल नाही, चार आहेत, एकमेकांना चिकटलेली. एक जहाजासारखं, एक जंगलासारखं, एक बर्फाच्या किल्ल्यासारखं, आणि चौथ्याचं नाव "बंजारा विंग". सोनूने मोठ्या प्रेमाने तेच निवडलं होतं. त्याला वाटलं आजीला घरच्यासारखं वाटेल. आपा, आमच्या तीन पिढ्यांनी तांड्यातून बाहेर पडायला जी धडपड केली ती तुम्ही पाहिली आहे. हॉस्टेलात मी पहिले सहा महिने कोणत्या तांड्याची हे कोणाला सांगत नव्हते, तेही तुम्हालाच माहीत. आणि आता आमच्याच लेकाने आम्हाला तांड्यात राहायला पाठवलं, तेही एसी असलेल्या. मी लॉबीत उभी राहून हसावं की काय करावं याचा विचार करत होते, तेवढ्यात याडी भिंतीसमोर जाऊन थांबली. भिंतीवर काचेच्या चौकटीत एक काचळी टांगली होती, वरून दिवा सोडलेला. याडीने नाक काचेला लावून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "हे कोणाचं व्हय? धुतलं, वाळलं, मंग घडी करून ठेवाले काय झालं?" आणि दोन पावलं पुढे जाऊन परत आली. "टाका बी चुकला हाये."

खोली मात्र, आपा, खरं सांगते, सुंदर होती. दोनशे चौदा नंबरची. छताला इतके बारीक दिवे जडवलेले की पडदे ओढले की दिवसाही चांदणं पडायचं. पलंग एवढा मऊ की त्यात झोपण्याऐवजी आपण हळूहळू मिसळतो असं वाटे. खिडकीतून तो मोठा पाळणा दिसायचा. बाहेरच्या झाडांत स्पीकर लपवले होते, त्यांतून पक्ष्यांचे आवाज येत. पहिल्या दुपारी मी खिडकीशी बसले असताना एक खरा बुलबुल त्या स्पीकरच्या फांदीवर येऊन बसला आणि त्या पेटीतल्या पक्ष्याला उत्तर देऊ लागला. पेटीतला पक्षी दर चाळीस सेकंदांनी तेच म्हणायचा (मी घड्याळ लावून पाहिलं), आणि हा दर वेळी काहीतरी नवीन सांगून पाहायचा. मी चहा थंड करून अर्धा तास ते ऐकत होते. याची किंमत कशी लावायची मला समजत नाही. हॉटेलच्या यादीत ते लिहिलेलं नव्हतं.

तर मी बुलबुल ऐकत होते, सोनूचे बाबा कंबर शेकत होते, आणि याडी नाहीशी झाली.

त्या विंगच्या अंगणात त्यांनी एक तांडा उभा केला आहे. तीन झोपड्या, एक बैलगाडी, सिमेंटचे दोन बैल (एकाचा कान तुटलेला), आणि मधोमध चूल. चुलीत तांबडा बल्ब आणि पंख्यावर फडफडणारा कागद, म्हणजे जाळ. शेजारीच खरी चूल आहे, संध्याकाळी पाहुण्यांना गरम भाकरी मिळते तिथे. तुम्हाला आमची रीत ठाऊक आहे. बाई पाहुणी म्हणून कोणाच्या घरी गेली की बाहेर बसून राहत नाही, सरळ चुलीकडे जाते. नाही गेली तर घरची बाई म्हणते, आम्हाला परकं समजली. याडी त्या रीतीने चुलीकडे गेली. तिथे हातात वॉकीटॉकी घेतलेला एक सुपरवायझर घामाघूम उभा होता, कारण भाकरी करायला ठरवलेली बाई आलीच नव्हती. त्याने फेटिया पाहिला, बांगड्या पाहिल्या आणि ओरडला, "अम्मा, इतना लेट? छह बजे से गेस्ट आ रहे हैं!" याडीला वाटलं, काय अगत्याचा माणूस आहे, वाट बघत होता. तिने हात धुतले आणि पीठ मागितलं.

मी तिला तासभर शोधत होते. जहाजात पाहिलं, बर्फात पाहिलं. शेवटी अंगणात गर्दी दिसली, दोरी बांधलेली, तिच्यात माणसं ओळीने उभी. मी पुढे घुसायला लागले तर दोरीजवळच्या माणसाने हात आडवा केला, "मॅडम, लाइन से." मी म्हणाले, त्या माझ्या सासूबाई आहेत. तो म्हणाला, "सबकी माँ जैसी है, लाइन से आओ." आणि आपा, मी लायनीत उभी राहिले. वीस मिनिटं. स्वतःच्या सासूला भेटायला. (घरी आमच्या मधे एक पडदा असतो, तेवढाच.) माझा नंबर आला तेव्हा याडीने माझ्याकडे न पाहता अर्धी भाकरी हातावर ठेवली, डोक्यावरून हात फिरवला, आणि मग ओळखलं. "तू व्हय का? सरक पुढं, मागं लोकं हायेत."

लोक फोटो काढत होते. ती प्रत्येकाला आशीर्वाद देत होती, कारण तिला वाटत होतं की ते पाया पडायला वाकताहेत. एका बाईने तिची काचळी चिमटीत धरून विचारलं, "हे ओरिजिनल आहे का?" याडी म्हणाली, "मी हाये ओरिजिनल. कपडे मागच्या साली शिवले." इतके लोक हसले की दोरी पडली.

त्या संध्याकाळी मी डायरीत दोन पानं भरली. सुपरवायझरला सांगायला हवं होतं का? ती इथे राहायला आलेली बाई आहे, तुमच्या कामाची नाही, असं? न सांगणं म्हणजे खोटेपणा झाला. सांगितलं असतं तर तिच्या हातातलं पीठ गेलं असतं. आणि खरा प्रश्न, जो मी शेवटी खाली बारीक अक्षरात लिहिला, तो हा की मला लाज वाटली ती तिला लोक तमाशा समजले म्हणून, की ती माझी सासू आहे हे लायनीतल्या लोकांना कळलं म्हणून? याडी मात्र त्या रात्री छताच्या खोट्या चांदण्यांखाली अशी गाढ झोपली, जशी मी तिला कित्येक वर्षांत झोपलेली पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशीची सकाळ सांगते, कारण खालांच्या दृष्टीने ती महत्त्वाची आहे. नाश्ता आपला आपण वाढून घ्यायचा असतो. चाळीस पदार्थ मांडलेले, आणि "घ्या" म्हणणारं कोणी नाही. याडी ताटली घेऊन उभी राहिली. कोणी आग्रह करेना, ती हलेना. शेवटी मीच टेबलाच्या पलीकडे गेले, मोठा चमचा घेतला आणि "याडी, पोहे घे ना, थोडे तरी घे" असं म्हणून वाढलं. तिच्या मागे एक गृहस्थ ताटली पुढे करून उभे होते. त्यांना नाही कसं म्हणायचं? त्यांच्या मागे अजून चौघं. मी पाऊण परात पोहे वाढले, आपा, आणि प्रत्येकाला थोडे घ्याच म्हणाले. एकजण जाताना "सर्व्हिस चांगली आहे" म्हणून गेला. तेव्हा लक्षात ठेवा, खाला आग्रहाशिवाय जेवत नाहीत. तुम्हाला चमचा घेऊन उभं राहावं लागेल.

नाश्त्याहून आल्यावर मी खोली आवरली. हसू नका. नोकरी करणाऱ्या बाईने आपला पसारा उपसावा हे मला बघवत नाही. चादरी ओढल्या, टॉवेल घड्या घातले, बाथरूम घासलं, कचरा एका पिशवीत बांधून दाराशी ठेवला. थोड्या वेळाने खोली साफ करणारी बाई आली, आत पाहिलं आणि दचकली. तिला वाटलं आम्ही रात्री राहिलोच नाही. मग तिला वाटलं दुसऱ्याच कोणी येऊन तिचं काम केलं, म्हणजे तिचं काम गेलं. तिचा चेहरा उतरला. माझ्या सद्गुणाचा हा परिणाम. मी घाईघाईने एक चादर विस्कटली, पण उशीर झाला होता. याडीने तिला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि आमच्या गोरबोलीत विचारलं, कोणाची लेक, कोणता तांडा, कोणतं गोत? आणि त्या बाईने गोरबोलीतच उत्तर दिलं! तेलंगणातली, नाव झुमकी, पन्नाशीची असेल. तिकडे आमच्या लोकांना लंबाडा म्हणतात, पण बोली तीच. तिचं गोत निघालं याडीच्या माहेरचं. म्हणजे झुमकी याडीची भाची. आधी कधी न पाहिलेली, पण भाचीच.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. माझ्या लग्नात तुम्ही तांड्यात आला होतात तेव्हा घाबरून खालांचा हात धरला होता, तेच. आमच्याकडे माहेरच्या बाया खूप दिवसांनी भेटल्या की गळ्यात पडून सुरात रडतात. त्या रडण्यात सगळी खबर असते, कोण गेलं, कोण राहिलं, कोणाच्या पोरीला काय झालं. जितक्या दिवसांनी भेट, तितकं लांब रडणं. या दोघी तर जन्मात पहिल्यांदाच भेटत होत्या, म्हणजे हिशेब करा. दार उघडं होतं. आवाज जिन्यातून लॉबीत गेला, लॉबीतून बर्फाच्या किल्ल्यात. चार मिनिटांत मॅनेजर, डॉक्टर, चाकाची खुर्ची आणि तो कालचा सुपरवायझर दारात. मॅनेजरला वाटलं बाथरूममध्ये कोणी पडलं. मी समजावत होते, "हे आनंदाचं आहे, सर." तो माझ्याकडे पाही, मग त्या दोघींकडे पाही, मग पुन्हा माझ्याकडे. सोनूचे बाबा कंबर धरून बाहेर आले आणि त्यांनी शांतपणे सांगितलं, "अर्धा तास लागते. बसून घ्या." डॉक्टर खरंच चाकाच्या खुर्चीत बसला.

हे सगळं निवळल्यावर सुपरवायझरने याडीला ओळखलं, आणि तो पांढरा पडला. राहायला आलेल्या बाईला भाकऱ्या थापायला लावल्या! मॅनेजरने हात जोडून माफी मागितली. फळांची टोपली आली, फुलं आली, "आपण फक्त आराम करायचा" असं सांगणारी चिठ्ठी आली. फार सज्जन माणसं, आपा. पण याडी त्या टोपलीकडे बघत राहिली आणि मला म्हणाली, "म्हंजे काल मी जे केलं, ते चुकून झालं?" त्या संध्याकाळी अंगणात ठरलेली बाई आली, भाड्याच्या फेटियात. याडी खिडकीतून पाहत होती. भाकरी फुगत नव्हती हे तिला वरूनही दिसत होतं.

दुपारचं एक राहिलंच. पार्कात एक गोल फिरणारी कृत्रिम नदी आहे, तिच्यात मी तरंगले. नायलॉनचे कपडे घालावे लागतात. (खालांसाठी चौकशी केली. पूर्ण अंगभर, डोक्यासकट झाकणारे मिळतात, आणि काठावर पाय सोडून बसायला काहीच लागत नाही.) रबरी चक्रात बसायचं आणि पाणी नेईल तिकडे जायचं. वळणावर वळण, झाडांच्या सावल्या तोंडावरून सरकतात, कोणाचं तरी हसू जवळ येतं आणि लांब जातं. मी डोळे मिटले. सहा फेऱ्या झाल्या. (डायरीत सात आहेत, सातच धरा.) शेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मी कुठेही जात नव्हते आणि तरी पुढे चालले होते. सातव्या फेरीत मला वाटलं, मी आता उठले नाही तर कोणाचंच काही अडणार नाही. हा विचार सुखाचा होता की भीतीचा, ते मी काठावर येऊन लिहायला बसले तेव्हा ठरवता येईना. सोनूच्या बाबांचं सोपं होतं. त्यांना पार्कची बारकी रेल्वे आवडली. ते अकरा वेळा बसले आणि अकराही वेळा झोपले. म्हणाले, "दुसरा कोणी चालवून राह्यला, मले फक्त बसाचं हाये. एवढं सुख मले कधी भेटलं नाही."

तिसऱ्या दिवशी सकाळी पार्क उघडायच्या आधी एक तास फक्त हॉटेलात राहणाऱ्यांना आत सोडतात. आम्ही निघायच्या गडबडीत होतो, पण झुमकीचं काम सुरू व्हायला वेळ होता आणि ती दाराशी उभी होती, न्हाऊन, साडी बदलून. तिने याडीचा हात धरला. मी मागे मागे गेले. आपा, ती सकाळ मला सांगता येत नाही. धुकं होतं. एवढा मोठा पार्क, आणि कोणी नाही. घोडे थांबलेले, बोटी थांबलेल्या, झाडूचा आवाज तेवढा. आकाशपाळणा इतका हळू फिरायला लागला की तो फिरतो आहे हे धुक्यावरून कळत होतं, पाळण्यावरून नाही. याडी आणि झुमकी एका पाळण्यात बसल्या, आम्ही दोघं पुढच्यात. वर गेल्यावर सगळं लहान झालं. आमची विंग, सिमेंटचे बैल, बाहेरचा हायवे, त्यापलीकडे कापसाची वावरं. गेटसमोरचा तो तुमचा लॉजही दिसला. गच्चीवर चादरी वाळत घातलेल्या, आणि एक म्हातारा खुर्ची टाकून पाळण्याकडे बघत चहा पीत होता. मागून याडीचा आवाज येत होता. गाते आहे की रडते आहे हे मला कळत नव्हतं. आमच्यात दोन्हीला चाल एकच. सोनूचे बाबा म्हणाले, "ऐक, थे मामाच्या घरचं सांगून राह्यली."

तर आता उत्तर. मी खूप विचार केला आणि उत्तर असं आहे की उतरू नका. खालांना नका नेऊ त्या हॉटेलात. तिथे सगळं मिळतं, म्हणून माणसाला करायला काही उरत नाही. चार वर्षं हात मांडीवर ठेवून बसलेल्या बाईला अजून एक मऊ जागा कशाला द्यायची? लॉजवर बादलीभर गरम पाण्यासाठी भांडावं लागेल, चादर झटकून घ्यावी लागेल, चहा वेळेवर येणार नाही. खाला भांडतील. खालांना भांडताना ऐकून किती दिवस झाले, सांगा बरं? याच्यात माझा काही स्वार्थ नाही, हे मी दोनदा तपासून पाहिलं आहे.

तुमची तब्येत सांभाळा, टिंबं न देता लिहा, आणि तारिकभाईंना म्हणावं, त्यांनी दुरुस्त केलेल्या आमच्या स्कूटरचा आवाज पुन्हा सुरू झाला आहे.

तुमची धाकटी,
उज्ज्वला

ता. क. बुधवार, सकाळ. पत्र सोनूच्या बाबांच्या हाती देणार आहे. पांढरकवड्याची गाडी साडेअकराला आहे, तिचा ड्रायव्हर तुमच्या दुकानावर पोचवील. रात्री वाचून पाहिलं आणि एक चूक सापडली. ती सकाळची एक तासाची सवलत फक्त हॉटेलवाल्यांना आहे. लॉजवाल्यांना पाळणा गर्दीत, उन्हात, दीड तास उभं राहून मिळतो. खालांना पाळणाच पाहायचा आहे. तेव्हा वरचं उत्तर रद्द समजा. हॉटेलातच उतरा. बंजारा विंगमध्येच, खिडकी पाळण्याकडे असलेली खोली मागा.

दुसरा ता. क. स्वार्थ नाही असं लिहिलं, ते तिसऱ्यांदा तपासल्यावर टिकलं नाही. परत आल्यापासून याडी रोज विचारते की झुमकीकडे पुन्हा कधी जायचं. सोनूच्या बाबांना रजा नाही, आणि सोनूला पुन्हा सांगायची माझी हिंमत नाही. तुमच्या गाडीत एक जागा रिकामी असली तर याडीला खालांच्या सोबत न्याल का? तिला कोपऱ्यातली जागाही चालेल. खालांना तिची थोडी थोडी भाषा कळते, आणि जी कळत नाही ती तिच्या हातांवरून कळते. चार दिवस मी हेच विचारायला धजत नव्हते. हॉटेलची चर्चा सगळी खरी आहे, पण आधी हे होतं.

तिसरा ता. क. अकरा वाजून दहा मिनिटं. आपा, घात झाला. वरचं लिहिताना मी ते मोठ्याने वाचत होते (जुनी सवय), आणि याडी मागे उभी होती. तिने माझा फोन घेतला आणि सरळ खालांना लावला. तुम्ही तेव्हा दुकानात असणार. पाऊण तास बोलल्या. शेवटी दोघी हसत होत्या, खालांचं हसू मी फोनच्या बाहेर उभी राहून ऐकलं. ठरलं ते असं. खाला येणार. याडी येणार. खाला झुमकीसाठी एक ब्लाऊज शिवून आणणार, माप याडीने फोनवर वितीने सांगितलं. दोघी हॉटेलातल्या एका खोलीत राहणार. आणि त्या खोलीत आपल्या दोघींना यायचं नाही. मी कारण विचारलं. याडी म्हणाली, "लेकी-सुना सोबत असल्या का सारख्या विचारतेत, गोळी घेतली का, पाणी देऊ का. आम्हाले बोलू देत नाही." खालांनीही तिकडून हेच म्हटलं म्हणे, उर्दूत, म्हणून जास्त अदबीने.

तेव्हा मीही येते, आणि लॉज आपल्या दोघींना. तो कसा आहे ते मला मुळीच माहीत नाही, मी फक्त वरून पाहिला. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे राहिल्याशिवाय मला प्रामाणिकपणे देताही येणार नाही. खोली दोन खाटांची सांगा. खिडकीजवळची खाट या वेळी तुम्ही घ्या. हॉस्टेलात दोन वर्षं ती मी घेतली होती, आणि तुम्ही कधी बोलला नाहीत.

गाडीने हॉर्न दिला.